रोड बाइकला माया कुठे असते?

शिवून आलेला ब्लाउज छातीत घट्ट झाला तर शिंपी उसवून अर्धा इंच सैल करून देतो, कारण शिवणीत त्यानं माया सोडलेली असते. पण गळा एकदा खोल कापला गेला की तो कुणालाच वर घेता येत नाही. सायकलचंही असंच आहे. काही मापांना भरपूर माया असते, काहींना जवळजवळ नसतेच. पहिली रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची आणि खाली वाकलेल्या हँडलची वेगवान सायकल, घेताना होणारी सगळ्यात महागडी चूक इथेच होते. दुकानात सीटची उंची बघितली जाते, जी नंतर दोन मिनिटांत बदलता येते. सीटपासून हँडलपर्यंतची लांबी मात्र कुणी मोजत नाही, आणि तिलाच माया सगळ्यात कमी असते.

मग महिन्याभरात मान आखडते, तळहातांना मुंग्या येतात, सीटवर बसवत नाही. सगळे एकच सांगतात, "होईल सवय." सवय होते ती मांड्यांच्या थकव्याची आणि बैठकीच्या हाडांच्या सौम्य ठणक्याची, तीही दोन आठवड्यांत. बधिरपणा, सोलवटणं, गुडघ्याची कळ यांची सवय होत नाही, आणि करून घेऊही नये. ही चुकीच्या मापाची लक्षणं आहेत आणि माप दुरुस्त केलं की ती जातात.

"लेडीज" या शब्दाचा अर्थ

आपल्याकडे लेडीज सायकल म्हणजे पुढचा दांडा खाली वाकवलेली, बास्केटवाली सायकल. रोड बाइकमध्ये तसं काही नसतं. बाईची आणि पुरुषाची रोड बाइक लांबून सारखीच दिसते. जायंट कंपनीचा लिव्ह हा ब्रँड स्त्रियांसाठी वेगळ्या फ्रेम बनवतो. ट्रेक आणि स्पेशलाइज्डसारख्या कंपन्यांनी मात्र गेल्या काही वर्षांत एकच फ्रेम ठेवून लहान साईज वाढवण्याचा आणि सीट, हँडल बदलण्याचा रस्ता धरला. दोन्ही रस्ते चालतात. "बायकांचे पाय लांब आणि धड आखूड" हा समज वर्षानुवर्षं सांगितला गेला, पण नियम म्हणून तो टिकत नाही. १५५ सेंमी उंचीच्या दोन मैत्रिणी शेजारी उभ्या करा, पायांच्या लांबीत सहज चार सेंमीचा फरक निघेल.

खरे फरक साधे आहेत. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंमीच्या आसपास आहे, म्हणजे फ्रेम लहान लागते. खांदे अरुंद, म्हणून हँडल अरुंद. पंजा लहान, म्हणून ब्रेक जवळ. ओटीपोटाखालच्या दोन हाडांमधलं अंतर सरासरीनं जास्त, म्हणून सीट मागच्या बाजूला रुंद. सायकलवर "वुमन" लिहिलेलं आहे की नाही याला त्यापुढे महत्त्व नाही. फिक्या रंगाची सायकल "लेडीज मॉडेल" म्हणून पुढे केली तर हँडलची रुंदी आणि क्रँकची (पेडल ज्या दांड्याला असतं त्याची) लांबी विचारा. उत्तर आलं नाही तर वेगळा आहे तो फक्त रंग.

घरी घ्यायची मापं

दुकानात जाण्याआधी एका वहीत चार आकडे लिहून न्या. शिंप्याची टेप, एक जाड पुस्तक आणि नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा एवढं पुरतं.

पहिला आकडा पायाच्या आतल्या बाजूचा. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, पावलांत १५ सेंमी अंतर ठेवा. पुस्तकाचा कणा वर करून ते दोन्ही पायांमध्ये धरा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा देऊन वर घट्ट ओढा. पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात हवी, तिरकी झाली तर माप चुकतं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. पंजाबी ड्रेसच्या सलवारीचं माप इथे चालत नाही, ते वेगळं निघतं आणि सगळं गणित तिथेच बिघडतं.

दुसरा आकडा खांद्यांचा. दंडाच्या वरच्या टोकाला बोटानं दाबलं की हाडाचा कठीण उंचवटा लागतो. एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत पाठीवरून न जाता सरळ रेषेत मोजा. हँडलची रुंदी साधारण तेवढीच हवी. बऱ्याच जणींना ३६ किंवा ३८ सेंमीचं हँडल बसतं. मधल्या साईजच्या सायकलींवर ४२ सेंमीचं येतं. तीन-चार सेंमी जास्त रुंद हँडल धरून तासभर बसलं की खांद्याच्या फऱ्यांमध्ये दुखू लागतं, आणि दोष मात्र घरातल्या उशीला दिला जातो.

तिसरा आकडा बैठकीच्या हाडांचा. कडक पाटावर किंवा पायरीवर पुठ्ठा ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, टाचा उचला, कोपरं गुडघ्यांकडे नेत पुढे झुका आणि अर्धा मिनिट तशाच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. त्यात २० ते ३० मिमी मिळवा, ही झाली सीटची रुंदी. जितक्या ताठ बसणार तितकं जास्त मिळवायचं. अंतर १२५ मिमी आलं तर १४५ ते १५५ मिमीची सीट.

चौथा तुमची उंची. कंपन्यांचे तक्ते तिच्यावरच चालतात, पण त्यांच्यावर एवढ्यासाठीच विसंबा की कुठल्या दोन साईज बघायच्या ते कळतं. एका कंपनीची ४८ दुसरीच्या ४९ पेक्षा लांब असू शकते. "एस" आणि "एक्सएस" या अक्षरांचं तर तयार कुर्त्यांसारखं आहे, प्रत्येक कंपनीचं वेगळं.

लांबी, म्हणजे खरी गोष्ट

कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक मॉडेलचा भूमितीचा तक्ता असतो. त्यात दहा-पंधरा आकडे असतात, पण बघायचे दोनच: रीच आणि स्टॅक. क्रँक ज्या मध्यावर फिरतो तिथून सरळ वर एक ओळंबा आहे असं समजा. त्या ओळंब्यापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. क्रँकच्या मध्यापासून त्याच टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. रीच जास्त असेल तर पुढे लांब वाकावं लागतं, स्टॅक कमी असेल तर खाली.

घरात भावाची किंवा नवऱ्याची ५४ साईजची रोड बाइक असते आणि "सीट खाली केली की झालं" असं वाटतं. मोजून बघा. ५४ च्या फ्रेमचा रीच ३८० मिमीच्या आसपास, त्यावर १०० मिमीचा स्टेम (फ्रेमला हँडल जोडणारा तुकडा) आणि पुढे ८० मिमी जाणारं हँडल. सगळं मिळून ५६० मिमी. ४८ च्या फ्रेमचा रीच ३६५, स्टेम ८०, हँडल ७०. सगळं मिळून ५१५. फ्रेमच्या तक्त्यात फरक फक्त दीड सेंमीचा दिसतो, हातांना तो साडेचार सेंमीचा जाणवतो. त्यातली किती माया मोठ्या फ्रेममध्ये सापडेल? स्टेम १०० वरून ८० केला तर दोन सेंमी, हँडल बदललं तर एक. उरलेली दीड सेंमी कुठूनच येत नाही. स्टेम त्याहून आखूड केला तर हँडल चंचल होतं, हलक्या हातानंही पुढचं चाक वळतं.

इथे एक घातक उपाय सर्रास केला जातो. हँडल लांब पडतं म्हणून सीट रुळांवर पुढे ढकलतात. हात पोचतात, पण गुडघे पेडलच्या फार पुढे येतात, शरीराचा भार तळहातांवर जातो आणि महिन्याभरात गुडघ्याची वाटी दुखू लागते. सीटची पुढची-मागची जागा पायांसाठी ठरवायची असते. हातांसाठी स्टेम आणि हँडल आहेत.

तक्त्यातला आणखी एक आकडा फसवतो: वरच्या आडव्या नळीची लांबी. लहान फ्रेममध्ये सीटची नळी जास्त उभी असते, बहुधा ७४ ते ७५ अंशांची. त्यामुळे आडवी नळी आखूड दिसते. पण तुमची बसण्याची जागा पायांवरून ठरते, म्हणून सीट मागे घ्यावीच लागते आणि कमी दिसलेली लांबी परत येते. नळीच्या एका अंशानं एक सेंमीपेक्षा थोडा जास्त फरक पडतो. म्हणून तुलना रीचचीच करा. दोन सायकलींचे स्टॅक वेगळे असतील तर आणखी एक हिशेब: हँडलखाली १० मिमीचा स्पेसर (उंची वाढवणारी कडी) घातला की हँडल वर जातं तसं साधारण ३ मिमी मागेही येतं, कारण पुढची नळी तिरकी असते. म्हणजे एका सायकलचा स्टॅक ३० मिमी जास्त आणि रीच तेवढाच असेल, तर हँडल एकाच उंचीवर ठेवल्यावर ती जवळपास एक सेंमी लांबच आहे. पहिल्या सायकलसाठी स्टॅक जास्त आणि रीच कमी अशी फ्रेम शोधावी. दुकानदार तिला एन्ड्युरन्स म्हणतात. शर्यतीची, खाली वाकवणारी फ्रेम पहिल्या वर्षी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लहान फ्रेममध्ये एक अडचण येते. ७०० सी, म्हणजे रोड बाइकचं नेहमीचं चाक मोठं असल्यामुळे पेडल पुढे असताना चाक वळवलं तर बुटाचं टोक त्याला लागू शकतं. वेगात हे कधीच होत नाही, कारण तेव्हा चाक एवढं वळवावं लागत नाही. हे होतं पायी चालण्याच्या वेगात, अगदी सोलापूरच्या सात रस्त्याच्या गर्दीत यू-टर्न घेताना. घेण्याआधी उभ्या सायकलवर तपासा. बोटभर घासत असेल तर हळू वळताना पेडल न मारण्याची सवय लावता येते (ही सवय मात्र खरंच लागते). अर्धं पाऊल अडकत असेल तर १६५ मिमीचा क्रँक किंवा ६५० बी (त्याहून लहान) चाकांची लहान फ्रेम बघा.

क्रँकबद्दल दुकानात कुणी विचारत नाही. मोठ्या फ्रेमवर बहुधा १७२.५ ते १७५ मिमीचा येतो, मधल्यावर १७० ते १७२.५ चा. पायाचं माप ७२ सेंमीच्या आसपास असेल तर १६५ बरा. लांब क्रँकमुळे पेडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो आणि मांडी पोटाला लागते. क्रँक ५ मिमी आखूड केला की सीट तेवढीच वर घ्यायची, हे विसरू नका.

हातात मावणारा ब्रेक

हुडांवर, म्हणजे ब्रेकच्या वरच्या रबरी मुठींवर, हात ठेवा. तर्जनीचं पहिलं पेर ब्रेकच्या पात्याभोवती मनगट न हलवता वळलं पाहिजे. मग खालच्या वाकड्या भागावर, म्हणजे ड्रॉपवर, हात ठेवून हेच करा. तिथे बोटं पोचत नसतील तर उतारावर ब्रेक लावता येणार नाही. बहुतेक लिव्हरमध्ये पातं जवळ आणायला एक छोटा स्क्रू असतो, तो रबरी आवरणाखाली दडलेला असतो. स्वस्त किंवा जुन्या लिव्हरमध्ये त्याऐवजी प्लास्टिकची पट्टी आत बसवावी लागते. पातं जवळ आणलं की ब्रेक लागायला मिळणारी जागा कमी होते, म्हणून केबल पुन्हा ताणून घ्यावी लागते. मेकॅनिकला दोन्ही कामं एकत्र सांगा, नाहीतर पातं हँडलला टेकेल आणि ब्रेक अर्धवटच लागेल. उजव्या लिव्हरला पुढचा ब्रेक आहे की मागचा, तेही तिथेच बघून घ्या. आपल्याकडे उजवा बहुधा पुढचा असतो, पण काही सायकली उलट जोडलेल्या येतात.

सोलापुरात ड्रॉपला जास्त महत्त्व आहे ते घाटापेक्षा वाऱ्यामुळे. आपलं पठार उघडं. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा असा येतो की पुणे रस्त्यानं मोहोळकडे जाताना सपाट रस्त्यावरही चढ लागल्यासारखं वाटतं. अशा वेळी ड्रॉप धरून खाली जाणं हाच उपाय, म्हणून ड्रॉपवर दहा मिनिटं बसवलं पाहिजे. जाताना वारा अंगावर आणि येताना पाठीवर घ्यावा, म्हणून या महिन्यांत पुणे रस्ता चांगला.

गिअर आणि टायर

गिअरचं थोडक्यात. पुढे ५०-३४ दातांची जोडी आणि मागे सगळ्यात मोठं चक्र ३२ किंवा ३४ दातांचं घ्या. २८ मिमीच्या टायरवर पुढे ३४ आणि मागे २८ दात (३४-२८) असताना पेडलच्या एका फेरीत सायकल २ मीटर ५९ सेंमी जाते, ३४-३२ नं २ मीटर २७ सेंमी, ३४-३४ नं २ मीटर १४ सेंमी. तुळजापूर ४५ किमीवर आहे, त्यातला बहुतेक रस्ता सपाट आणि गावाजवळ घाट. घाटात ताशी ८ किमीनं चढताना २८ दातांवर मिनिटाला ५१ फेऱ्या बसतात, ३४ दातांवर ६२. हा ११ फेऱ्यांचा फरक गुडघ्यांना कळतो. शिमानो कंपनीच्या गिअर-संचांत क्लॅरिसचे मागे आठ गिअर, सोराचे नऊ, टियाग्राचे दहा. पहिल्या सायकलसाठी क्लॅरिस कमी पडत नाही. वाचलेले पैसे मापाच्या सीट-स्टेमवर घाला.

टायरवर मात्र रेंगाळायला हवं, कारण सोलापूरच्या रस्त्यांवर सायकल अडते ती बाभळीच्या काट्यानं. शेताच्या कुंपणाला काटेरी फांद्या ओढून नेतात, रस्त्याकडेला वेडी बाभूळ माजलेली असते, त्यात ऊसवाहतुकीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या सायकलला डांबराच्या कडेला ढकलतात. काटे आणि काचा सगळ्या तिथेच साचतात. २५ मिमीचा टायर इथे घेऊ नका. २८ घ्या, फ्रेममध्ये जागा असेल तर ३२. जागा आहे का हे आधी विचारा, कारण रिम ब्रेकच्या बऱ्याच सायकलींत २८ च्या पुढे टायर बसतच नाही. डिस्क ब्रेकवाल्यांत ३२ सहसा बसतो.

हवेचा आकडा टायरवर छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा. तेवढी भरायची नसते. ५५ किलो वजनाच्या बाईनं २८ मिमीच्या टायरमध्ये पुढे ६० आणि मागे ६५ ते ७० पीएसआय भरून बघावी, ३२ मिमीला पुढे ४५ आणि मागे ५०-५५. हलक्या व्यक्तीनं १०० पीएसआय भरली तर सायकल खडीवर उडते, हात सुन्न होतात आणि वेगही वाढत नाही. रोड बाइकच्या ट्यूबला बहुतेक वेळा बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा वॉल्व्ह असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. छोटा पितळी अडॅप्टर पिशवीत कायम ठेवा. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरनं भरताना जपा, बारीक टायर दोन सेकंदांत मर्यादा ओलांडतो.

पंक्चर काढताना होणारी चूक एकच. ट्यूब बदलली जाते, काटा टायरमध्येच राहतो आणि दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. काट्याचं टोक मोडून रबरात रुतलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा गोल फिरवा. तो जिथे अडकेल तिथे काटा. बारीक चिमट्यानं आतून बाहेर ढकला. मग नवी ट्यूब थोडी हवा भरून गोल करून आत घाला, म्हणजे ती टायर आणि रिमच्या कडेत चिमटत नाही. सोबत दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि पॅचचा डबा. हे सगळं आणि हेल्मेट, दिवे, पॅडची शॉर्ट यांसाठी ठरवलेल्या रकमेतले दहा-बारा टक्के आधीच बाजूला काढा.

बसवण्याचा क्रम

क्रम बदलला तर काम पुन्हा करावं लागतं, कारण प्रत्येक पायरी पुढचीला हलवते. सायकल भिंतीला टेकवून किंवा ट्रेनरवर (सायकल जागीच धरून ठेवणाऱ्या स्टँडवर) घट्ट उभी करा, मदतीला एक माणूस घ्या, आणि ज्या बुटांनी चालवणार तेच घाला.

आधी सीटची उंची. पायाच्या आतल्या मापाला ०.८८३ नं गुणा. ७२ सेंमी असेल तर ६३.६ सेंमी. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या नळीला धरून सीटच्या माथ्यापर्यंत हे अंतर ठेवा. आता बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल तळाला असताना गुडघा सरळ व्हावा आणि त्यासाठी कंबर त्या बाजूला कलू नये. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर नेला की गुडघ्यात आपोआप बाक येतो. तो २५ ते ३५ अंशांचा हवा. मागून कुणाला तरी कंबर बघायला सांगा. दोन्हीकडे डोलत असेल तर सीट उंच आहे. सूत्राचा आकडा ही सुरुवात आहे, त्यावर हटून बसू नका. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत हा आग्रह मात्र सोडा. थांबताना सीटवरून पुढे उतरून आडवा दांडा दोन्ही पायांमध्ये ठेवून उभं राहायचं असतं, आणि तिथे दांड्याच्या वर दोन-तीन सेंमी मोकळीक हवी. सगळ्यात जास्त सायकली या एका भीतीपोटी खाली बसवलेल्या असतात, आणि गुडघे त्याची किंमत देतात.

सीटपोस्टवर एक रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. बोल्टवर न्यूटन-मीटरचा आकडा छापलेला असतो. सीटपोस्टच्या क्लॅम्पला आणि स्टेमला बहुधा ५-६ असतो. कार्बनचा भाग असेल तर टॉर्क रेंचशिवाय (ठरावीक जोरानंच कसणाऱ्या पान्याशिवाय) हात लावू देऊ नका. "अजून थोडं कसतो" म्हणत कार्बनला भेग पडते, आणि ती सुरुवातीला दिसतही नाही.

मग सीट पुढे-मागे. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवा, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. तो पेडलच्या आसावर किंवा किंचित मागे पडावा. मागेपुढे केल्यावर उंची पुन्हा मोजा, कारण सीट मागे सरकली की पायापासून लांबही जाते.

तिसरा उतार. स्पिरिट लेव्हल किंवा मोबाइल सीटवर आडवा ठेवून सीट सपाट करा. पुढचं टोक वर असेल तर नाजूक भागावर दाब येतो, हे तर लगेच कळतं. लोक मग टोक फार खाली करतात आणि शरीर पुढे घसरत राहतं, हात सतत ढकलत राहतात. एक ते तीन अंश खाली एवढीच मुभा.

शेवटी हँडल. सुरुवातीला ते सीटच्या उंचीइतकं किंवा एक-दोन सेंमी खाली असू द्या. हुडांवर हात ठेवल्यावर कोपरं थोडी वाकलेली राहावीत आणि खांदे कानांकडे चढू नयेत. बसल्याबसल्या दोन्ही हात हुडांवरून एक इंच उचलून बघा. धप्पकन पुढे पडत असाल तर भार हातांवर आहे: लांबी जास्त, सीट फार पुढे, किंवा टोक खाली.

प्रत्येक बोल्टच्या जागी इन्सुलेशन टेपची खूण करा आणि आकडे वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही ५ मिमीच, आणि दोन फेऱ्या मारल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. एकाच संध्याकाळी सीट, स्टेम आणि पाती सगळं हलवलं तर कशानं बरं वाटलं हे कधीच कळणार नाही.

दुखणं काय सांगतं

गुडघा पुढून दुखला तर सीट खाली किंवा फार पुढे. मागून ताणला तर उंच किंवा मागे. करंगळीकडे मुंग्या येत असतील तर हातांवर भार, शिवाय हवा जास्त आहे का बघा. मान दुखत असेल तर लांबी किंवा हँडल फार खाली. छातीला आधार नसेल तरीही मान आणि खांदे आखडतात, म्हणून चांगली स्पोर्ट्स ब्रा हीसुद्धा फिटिंगचाच भाग आहे.

बसण्याच्या जागेबद्दल मोकळेपणानं बोललं जात नाही. मग बायका वर्षभर सोसतात आणि सायकल विकून टाकतात. हाडांवर ठणका असेल तर थांबून बघा. पण पुढच्या नाजूक भागात बधिरपणा, सूज, सोलणं असेल तर सीट अरुंद आहे, उंच आहे किंवा टोक वर आहे. मध्ये खाच असलेली सीट बहुतेक जणींना सोयीची जाते. जाड जेलचं कव्हर घालू नका. मऊ जागेत हाडं रुततात आणि कडेचा फुगवटा नेमका नको तिथे दाबतो. सूज किंवा लघवीची जळजळ दोन-तीन दिवसांत गेली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळंतपणानंतर सुरू करायचं असेल तर त्यांना विचारूनच.

पॅडच्या शॉर्टच्या आत निकर घालायची नसते. तिच्या शिवणीच त्वचा सोलतात. शॉर्टवर लेगिंग किंवा सैल थ्री-फोर्थ घातली तरी चालते, फक्त उजवा पाय घोट्यापाशी घट्ट हवा, कारण चेन तिकडेच असते. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅड आणि शॉर्टचं पॅड एकमेकांवर घासतात. कप किंवा टॅम्पॉन वापरत असाल तर त्रास कमी. ओढणी घरी ठेवा. लांब मंगळसूत्र पुढे वाकल्यावर लोंबतं, ते आत खोचा किंवा आखूड घाला. काचेच्या बांगड्या पडताना मनगटात घुसतात. वेणी खाली, मानेजवळ बांधा, म्हणजे हेल्मेटच्या मागच्या पट्ट्याला जागा राहते.

पाण्याची जागा लहान फ्रेममध्ये कमी असते. दोन मोठ्या बाटल्या बसत नाहीत, बसली तरी वर ओढून काढता येत नाही. बाजूनं काढायचा पिंजरा घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पहाटे साडेपाचला निघून आठच्या आत परत या आणि तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात मीठ-साखर-लिंबू.

पहिला महिना

दुकानात गल्लीत एक चक्कर मारून काही कळत नाही. सकाळी गर्दी नसताना वीस मिनिटं मागा. दुखणं दहा मिनिटांनंतर बोलायला लागतं. तुमचा साईज दुकानात नसेल तर मागवायला सांगा. "एक साईज मोठी आहे, पण खाली करून देतो" याला नाही म्हणा. थांबावं लागलं तर थांबा. स्टेम बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी ठरवा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, म्हणून घरी बसवताना दोन्ही पेडलं पुढच्या दिशेनं फिरवत कसायची आणि आट्यांना ग्रीस लावायचं.

पहिले दोन आठवडे २०-२५ किमीच्या पुढे जाऊ नका. हिप्परगा तलावापर्यंत जाऊन येणं त्यात बसतं. २०० किमी झाल्यावर केबली ताणल्या जातात, गिअर कुरकुरायला लागतात. ते बिघडलेलं नसतं, फक्त पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. त्याच वेळी सगळे बोल्ट तपासून घ्या आणि वहीतले आकडे परत मोजा. शरीर लवचीक झालेलं असतं, तेव्हा कदाचित हँडल एक स्पेसर खाली चालेल.

नवी सायकल जोडताना मेकॅनिक विचारतो, "वरचा दांडा कापू का? छान दिसेल." पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा हा दांडा स्टेमच्या वर दोन-तीन सेंमी उघडा राहतो आणि खरंच बरा दिसत नाही. पण हँडलच्या उंचीची सगळी माया त्याच दोन-तीन सेंमीत आहे. तीन महिने थांबायला सांगा. मग कापायचाच असेल तर स्टेमच्या वर १० मिमीचा एक स्पेसर राहील एवढं ठेवून कापायला सांगा.